हवामानबदल आणि सस्टेनेबिलिटीत मास्टर्स: कोर्सच्या नावापलीकडे काय तपासायचं, आणि काय मोजायला शिकायचं

प्रश्न थोडक्यात असा: बीएस्सी रसायनशास्त्राचं दुसरं वर्ष पुण्यात चालू आहे, गाव पुरंदर तालुक्यात, घरी शेती. पुढे क्लायमेट आणि सस्टेनेबिलिटीत मास्टर्स करायचंय. पुण्यातच करावं की बाहेर जावं, बारावीनंतर गणित सुटलंय त्याचं काय, आणि शेवटी नोकरी लागते का?

आधी कोर्सचं नाव विसरा. ‘क्लायमेट’ आणि ‘सस्टेनेबिलिटी’ हे शब्द आता इतक्या अभ्यासक्रमांवर लागलेत की त्याच नावाखाली एकीकडे वातावरणाचं भौतिकशास्त्र शिकवतात, दुसरीकडे कंपन्यांचे अहवाल भरायला शिकवतात आणि तिसरीकडे चार सेमिस्टर व्याख्या पाठ होतात. त्यामुळे प्रत्येक कोर्सला एकच प्रश्न लावा: इथून बाहेर पडताना मला कोणता आकडा स्वतः काढता येईल, आणि कुणी उलटतपासणी घेतली तर तो टिकेल का? पावसाचा कल, कारखान्याचं उत्सर्जन, गावाच्या भूजलाचा ताळेबंद, काहीही चालेल. पण एक तरी आकडा कच्च्या नोंदीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तुमच्या हातून निघायला हवा. या क्षेत्रात अडकलेली बहुतेक मुलं इथेच अडकलेली दिसतात. पॅरिस करार तोंडपाठ असतो, पण विजेचं बिल समोर ठेवलं की त्यातून उत्सर्जनाचे टन कसे काढायचे ते सुचत नाही.

ढोबळमानाने वाटा तीन आहेत. हवामानाचं विज्ञान, उत्सर्जनाची मोजदाद, आणि पाणी-जमीन-शेतीतलं अनुकूलन. तिन्ही एकाच वेळी जमत नाहीत. एक पक्की धरा आणि बाकीच्या दोन समजतील इतपत ठेवा.

पहिल्या वाटेसाठी पुण्यासारखं गाव देशात क्वचितच सापडेल. हवामान खात्याचं शिवाजीनगरचं कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून इथे आलं, म्हणून जुने पुणेकर त्याला अजून शिमला ऑफिस म्हणतात. १९६२ मध्ये स्थापन झालेली भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजे आयआयटीएम, पाषाणला आहे. जगभरातल्या हवामान प्रारूपांच्या सीएमआयपी-६ या तुलनेत भारताकडून उतरलेलं पहिलं प्रारूप तिथलंच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण व अवकाशशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, आणि आयसर पुण्यातही पृथ्वी व हवामानशास्त्र शिकवतात. मात्र या वाटेवर गणिताला पर्याय नाही. कलनशास्त्र, सदिश, अवकल समीकरणं आणि जोडीला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा लागतेच. रसायनशास्त्राच्या मुलांना इथे एक जवळचं दार आहे, ते म्हणजे वातावरणीय रसायनशास्त्र: ओझोन, एरोसोल म्हणजे हवेत तरंगणारे सूक्ष्म कण, पावसाच्या पाण्यातले आयन. हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देणारी ‘सफर’ ही प्रणालीही आयआयटीएमचीच. तुमच्या पदवीला हे काम चांगलं जुळतं, आणि गणित थोडं उशिरा पक्कं झालं तरी इथे निभावतं.

या वाटेला जायचं नसलं तरी पावसाच्या आकडेवारीशी तुमचा संबंध येणारच, तेव्हा ती हाताळायला शिका. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावरून रोजच्या पावसाची १९०१ पासूनची आणि तापमानाची १९५१ पासूनची जाळीबद्ध आकडेवारी मोफत उतरवता येते. जाळीबद्ध म्हणजे नकाशावर अक्षांश-रेखांशांच्या चौकटी पाडून प्रत्येक चौकटीला एक आकडा. पावसाची जाळी पाव अंशाची, तापमानाची एक अंशाची. त्यात मुलं ठरलेल्या तीन-चार ठिकाणी चुकतात.

नोंद नसेल तिथे पावसाच्या फायलीत उणे ९९९ असतं आणि तापमानाच्या फायलीत ९९.९. उणे ९९९ चुकून सरासरीत गेलं तर पाऊस उणे येतो आणि चूक लगेच पकडली जाते. ९९.९ मात्र गुपचूप मिसळतं. सरासरी दोन-तीन अंशांनी वर जाते आणि ‘तापमानवाढ’ म्हणून थेट प्रबंधात छापली जाते.

दुसरी चूक तारखेची. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे १५ जुलैच्या नोंदीत १४ तारखेच्या सकाळी साडेआठपासून १५ च्या साडेआठपर्यंतचा पाऊस असतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, त्या रात्रीचा पाऊस म्हणूनच २६ तारखेच्या नोंदीत शोधावा लागतो. युरोपीय केंद्राची ईआरए-५ आकडेवारी जागतिक वेळेत असते. आपल्या साडेआठला तिथे पहाटेचे तीन वाजलेले असतात. त्यामुळे तासातासाचा पाऊस आदल्या दिवशीच्या ३ पासून त्या दिवशीच्या ३ पर्यंत बेरीज करून मगच ताडून पाहायचा. हे केलं नाही तर दोन्ही मालिका एकमेकींपासून सरकतात, त्यांच्यातला सहसंबंध घटतो, आणि ‘प्रारूप पुण्यासाठी निकामी आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

तिसरी चूक जागेची. पाव अंश म्हणजे साधारण २७ किलोमीटर. ताम्हिणीत वर्षाला काही हजार मिलिमीटर पडतो, शिवाजीनगरला सातशेच्या आसपास, आणि पूर्वेला बारामती-इंदापूरकडे त्याहूनही कमी. इतका तीव्र उतार असलेल्या भागात एका चौकटीचा आकडा उचलून ‘पुण्याचा पाऊस’ म्हणायचं नसतं. डोंगराकडची चौकट घेतली की शहर ओलं दिसतं, पूर्वेची घेतली की कोरडं. चौकटीच्या सीमा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर टाकून बघा, मगच निवडा. आणि कल काढायला किमान तीस वर्षं घ्या. कल खरा आहे का हे पाहणारी मान-केंडॉल चाचणी सगळे लावतात, पण मालिकेत स्वसहसंबंध आहे का, म्हणजे एका वर्षाचा आकडा आदल्या वर्षाच्या आकड्याशी जोडलेला आहे का, ते आधी तपासत नाहीत. तो असेल तर नसलेला कलही ‘लक्षणीय’ दिसतो.

पुण्यातल्या प्रकल्पांत ‘शहरी उष्णतेचं बेट’ हा विषय वारंवार येतो, म्हणून त्याबद्दल इथेच. लँडसॅट उपग्रह आपल्यावरून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातो आणि जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान देतो, हवेचं नाही. एप्रिलमध्ये शहराभोवतीची मोकळी, नांगरून ठेवलेली रानं त्या वेळेला डांबर आणि झाडं मिसळलेल्या शहरापेक्षा जास्त तापलेली असतात. त्यामुळे नकाशात पुणे थंड आणि मोकळं रान गरम दिसतं. मग विद्यार्थी गोंधळतो, किंवा हवा तसा निकाल येईपर्यंत चित्रं बदलत राहतो. शहराचा उबदारपणा मुख्यतः रात्री जाणवतो. तो पकडायचा तर पाषाण, शिवाजीनगर, कोरेगाव पार्क, मगरपट्टा इथल्या केंद्रांची हिवाळ्यातली किमान तापमानं शेजारी शेजारी मांडा. काम सोपं होतं आणि निष्कर्षही जास्त भरवशाचा निघतो.

दुसरी वाट उत्सर्जन मोजण्याची. सध्या नोकऱ्या इथे जास्त आहेत, कारण मागणी कायद्याने निर्माण केली आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाने २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि सस्टेनेबिलिटी यांचा, अहवाल सक्तीचा केला. आयात मालामागच्या उत्सर्जनावर शुल्क लावणारी युरोपीय संघाची सीबीएएम व्यवस्था ऑक्टोबर २०२३ पासून अहवालापुरती होती, जानेवारी २०२६ पासून ती पैशांत उतरली. भोसरी-चाकणहून युरोपला बोल्ट पाठवणाऱ्या कारखानदाराकडे गिऱ्हाईक आता बोल्टमागचं उत्सर्जन मागतं, आणि त्यातला मोठा वाटा त्याच्या शेडमध्ये होतच नाही. तो पोलादाची तार बनवताना भट्टीत झालेला असतो. तो आकडा तारेच्या पुरवठादाराकडून मिळवणं, आणि आलेला आकडा खरा वाटतो का हे पारखणं, हेच या कामाचं रोजचं स्वरूप आहे.

ही वाट आपल्याला जमेल का ते बघायला राहत्या होस्टेलचं एका महिन्याचं उत्सर्जन काढा. समजा वीज १०,००० युनिट. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे ७ टन. मेसला १९ किलोचे ३० सिलिंडर, म्हणजे ५७० किलो गॅस. किलोमागे सुमारे ३ किलो धरले तर १.७ टन. जनरेटरला १२० लिटर डिझेल, लिटरमागे २.६८ किलो, म्हणजे ०.३ टन. इथपर्यंत सगळे येतात. आता एसीच्या मेकॅनिकला विचारा की त्या महिन्यात किती गॅस भरला. आर-४१०ए हा एसीतला गॅस दोन किलो भरला असेल, तर त्याची तापमानवाढ क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट असल्याने तेच ४ टन होतात. सिलिंडर आणि जनरेटर मिळून दोन टन, आणि ज्याची नोंद मेकॅनिकच्या वहीशिवाय कुठेच नसते त्याचे चार. जुन्या एसीत आर-२२ असेल तर तो स्कोप १ मध्ये, म्हणजे स्वतःच्या जागेतल्या थेट उत्सर्जनात, न धरता वेगळा दाखवायचा, कारण तो ओझोन थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल कराराखाली येतो.

विजेच्या बिलातही खाचखळगे आहेत. कॅम्पस उच्चदाब ग्राहक असेल तर महावितरणचं बिल केव्हीएएच या वेगळ्या एककावर येतं, पण उत्सर्जनाचा गुणक केडब्ल्यूएचसाठी, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटसाठी, असतो, म्हणून तोच आकडा बिलात शोधायचा. मीटरच्या वाचनाला ज्याने गुणायचं तो मल्टिप्लायिंग फॅक्टर लागलाय की नाही ते बघायचं. छतावर सोलर आणि नेट मीटरिंग असेल तर ग्रिडमधून घेतलेले एकूण युनिट धरायचे, ग्रिडला दिलेले त्यातून वजा करायचे नाहीत. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोल आणि वस्तुमानाचा हिशेब अंगवळणी पडलेला असतो, त्यामुळे ही वाट तुम्हाला जड जाऊ नये. गणित इथे गुणोत्तर, एकक आणि एक्सेल एवढंच लागतं. काटेकोरपणा मात्र हिशेबनिसासारखा लागतो.

तिसरी वाट पाण्या-शेतीची, आणि पुरंदरचं घर असल्यामुळे तुमच्यासाठी सर्वांत सकस तीच वाटते. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यात आहे. भूजलावर काम करणारी अॅक्वाडॅम आणि पाणलोटावर काम करणारी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट याही इथल्याच. या वाटेची तालीम गावात, घरच्या विहिरीवरच करता येते.

मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये गावातल्या पंधरा-वीस विहिरींची पाणीपातळी मोजा. टेप कठड्यावरून सोडाल तर कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहा. प्रत्येक विहिरीला एक खूण करून ठेवा आणि दोन्ही वेळा तिथूनच टेप सोडा. मोटर चालू असताना किंवा नुकती बंद झाल्यावर मोजलेली पातळी निरुपयोगी असते, कारण बेसॉल्टमध्ये विहीर सावकाश भरते. म्हणून ‘सकाळी लवकर मोजा’ असं सांगितलं जातं, पण शेतीच्या फीडरला रात्रीची लाईट असलेल्या आठवड्यात रात्रभर मोटर चाललेली असते आणि सकाळी विहीर उपसलेली सापडते. आधी लाईटचं वेळापत्रक विचारा, मग दिवस ठरवा. त्या दिवशी विहिरीच्या मालकाला मोटर कधी बंद केली ते विचारून तेही वहीत टिपा.

आता आकडा. समजा गाव ५०० हेक्टरचं आणि पावसाळ्यात पातळी सरासरी ४ मीटरने वर आली. झिजलेल्या, भेगाळ बेसॉल्टचं विशिष्ट उत्पन्न, म्हणजे खडकाच्या आकारमानापैकी जितकं पाणी निथळून मिळतं तो वाटा, १ ते ३ टक्के असतं, २ धरू. ५०० हेक्टर म्हणजे ५० लाख चौरस मीटर. गुणिले ४, गुणिले ०.०२, उत्तर ४ लाख घनमीटर. उसाला हंगामात सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी २०,००० घनमीटर. याचा अर्थ अख्ख्या गावाचं पावसाळी पुनर्भरण वीस हेक्टर उसाच्या गरजेइतकं होतं, म्हणजे पन्नास एकरांच्या. पुनर्भरणाचा हा ढोबळ आकडा आहे, कारण पावसाळ्यातला उपसा आणि झऱ्या-ओढ्यांतून निघून गेलेलं पाणी त्यात नाही. पण ग्रामसभेत हा हिशेब मांडला की पीकपद्धतीवरची चर्चा जमिनीवर येते. हवामानबदलातलं अनुकूलन गावात या भाषेतच बोलावं लागतं.

शेतकऱ्यांच्या मुलाखती घेणार असाल तर ‘हवामानबदल जाणवतो का?’ हा प्रश्न विचारूच नका. समोरचा सौजन्याने ‘हो’ म्हणतो आणि शंभर टक्के होकाराचा निरर्थक तक्ता तयार होतो. त्याऐवजी विचारा: गेल्या पाच वर्षांत बाजरी कोणत्या नक्षत्रात पेरली, दुबार पेरणी कोणत्या वर्षी करावी लागली? इंग्रजी तारीख आठवत नाही, पण ‘मृगात पेरलं, उगवलं नाही, पुन्हा आर्द्रात पेरलं’ हे लख्ख आठवतं. मृग साधारण ७-८ जूनला लागतं, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला. नक्षत्रावरून पंधरा दिवसांची खिडकी मिळते आणि ती पावसाच्या नोंदीशी ताडून पाहता येते. प्रबंधाचा विषयही असाच अरुंद ठेवा. ‘हवामानबदलाचा पुणे जिल्ह्यातील शेतीवर परिणाम’ हा विषय दोन वर्षांत होत नाही. ‘पुरंदरमधल्या दोन गावांत पावसाची उघडीप आणि बाजरीची दुबार पेरणी’ हा होतो.

गणिताचं भय कमी करायला एककांपासून सुरुवात करा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. धरणातून ११,५७४ क्युसेकने एक दिवस पाणी सोडलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतं. खडकवासला साखळीतल्या चार धरणांची क्षमता मिळून सुमारे २९ टीएमसी आहे. पावसाळ्यात पेपरात विसर्गाचा आकडा आला की तो किती टीएमसी रोज, आणि त्या वेगाने साखळीतलं पाणी किती दिवस पुरेल, हे कागदावर काढा. दोन महिन्यांत एककांची भीती जाते. त्यानंतर संख्याशास्त्र: मध्यक, प्रमाण विचलन, प्रतिगमन, विश्वास अंतराल. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेला एवढं पुरतं.

कोर्स तपासताना विभागात स्वतः जा. माहितीपुस्तिका सगळ्यांच्या सारख्याच दिसतात. ग्रंथालयात गेल्या दोन वर्षांचे प्रबंध मागा आणि त्यातली आकडेवारी विद्यार्थ्याने गोळा केलीय की दुसरीकडून उचललीय ते बघा. राज्यातल्या नव्या रचनेत दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ८८ क्रेडिट असतात. त्यातले ४ ओजेटीचे, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे, आणि संशोधन प्रकल्पाचे १०. हे चौदा क्रेडिट कुठे खर्च होतात ते आताच्या विद्यार्थ्यांना विचारा. ओजेटीसाठी विभाग संस्था मिळवून देतो, की ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणतो? संख्याशास्त्र शिकवणारा माणूस विभागातला आहे की तासापुरता येतो? क्षेत्रभेट म्हणजे बसने फिरून येणं आहे की मोजमाप करून अहवाल लिहिणं? या तीन उत्तरांवर बरंच कळतं.

पुणे की बाहेर? विज्ञानाच्या आणि पाण्याच्या वाटेसाठी पुणं सोडायचं कारण दिसत नाही. विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आणि धनकवडीचं भारती विद्यापीठाचं पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थान हेही पर्याय बघून ठेवा. धोरण आणि समाज या अंगाने जायचं असेल तर मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, आणि तांत्रिक संशोधनाकडे जायचं असेल तर आयआयटी मुंबईतला हवामान अभ्यास. गेट परीक्षेत पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका २०२१ पासून आहे आणि तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी ती देऊ शकतात. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत होते, आणि ही तारीख लक्षात न राहिल्याने मुलांचं वर्ष जातं. पुढे अध्यापनात यायचं असेल तर यूजीसी-नेटमध्ये पर्यावरण विज्ञान हा विषय आहे.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगायचं तर पहिली नोकरी बहुतेकदा आकडे गोळा करण्याची असते. कंपनीच्या दहा शाखांची बिलं मागवणं, गावोगावी सर्वेक्षण, संशोधन संस्थेत प्रोजेक्ट असोसिएट म्हणून आकडेवारी साफ करणं. पगार सुरुवातीला बेताचाच, प्रोजेक्टचं काम मुदतीचं, आणि मुदत वाढेल की नाही याची टांगणी असते. घरच्यांना हे आधीच सांगा. टिकून पुढे जातात ते स्वतःचा आकडा कुठून आला हे विचारल्यावर वही उघडून दाखवू शकणारे. मुलाखतीला प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा असं एक पूर्ण केलेलं काम घेऊन गेलात तर बोलायला विषय मिळतो: विहिरींची वही, होस्टेलची उत्सर्जन शीट, किंवा तीस वर्षांच्या पावसाचा तपासलेला आलेख.

सुरुवात विहिरींपासून करा. टेप, वही, आणि विहीरमालकांची आधी घेतलेली परवानगी एवढंच लागतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात, लाईटचं वेळापत्रक बघून, दोन दिवसांत पंधरा विहिरी होतात. हे मृगाच्या आत व्हायला हवं. पहिला मोठा पाऊस पडून गेला की उन्हाळ्याची तळपातळी पुढच्या मेपर्यंत मोजता येत नाही, आणि तिच्याशिवाय ऑक्टोबरच्या नोंदीतून काहीच वजा करता येत नाही.